छायाचित्रांतील वादक आणि त्यांची हजेरी

वसंतातील व्याख्यानमालेत जॅझ वादकांच्या छायाचित्रांवर कोणी बोलावे, आणि तेही पिंपळवंडीस, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. जॅझ हे दूर अमेरिकेतील संगीत. आपला कान टाळमृदंगावर, ढोलकीवर आणि लग्नातल्या ताशावर पोसलेला. तथापि ज्या प्रश्नाकडे आज लक्ष वेधावयाचे आहे, तो आपल्याला परका नाही. वाजवून पोट भरणाऱ्या माणसांची आठवण समाज कशाच्या आधाराने ठेवतो, हा तो प्रश्न. जॅझच्या मंडळींनी व त्यांच्या चाहत्यांनी छायाचित्रांच्या साह्याने ही आठवण मोठ्या नेटाने राखली आहे. त्यांनी ते कसे केले हे समजून घेतले, म्हणजे आपल्याकडे काय करावयाचे राहून गेले आहे तेही उमगेल.

प्रथम जॅझ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. एकोणिसावे शतक संपून विसावे लागत होते, त्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरी हे संगीत आकाराला आले. १८६५ साली गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांची कामावरची आणि देवळातली गाणी, आणि लष्करी बँडातली पितळी वाद्ये, या दोहोंचा त्यात संगम झाला. चाल ठरलेली असते. पण आपली पाळी आली की वादकाने ती त्या क्षणी सुचेल तशी फुलवावयाची असते. गवई बंदिश धरून ताना घेतो, किंवा रंगात आलेला ढोलकीवाला नेहमीचा बोल सोडून नवाच तुकडा काढतो, त्या जातीची ही गोष्ट आहे. असे वादन पुन्हा जसेच्या तसे होत नाही. ते त्या रात्रीचे असते आणि त्या रात्रीबरोबरच जाते.

या संगीताचा पहिला नामांकित पुढारी म्हणून बडी बोल्डन याचे नाव घेतात. तो कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटाचे आखूड भावंड, वाजवीत असे. १९०७ साली त्याच्या मनावर परिणाम झाल्यामुळे त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले आणि १९३१ साली तो तेथेच वारला. त्याच्या वादनाची एकही तबकडी उरलेली नाही. उरले आहे ते एकच छायाचित्र, १९०५ च्या सुमारास काढलेले. त्यात बोल्डन आणि त्याचे पाच साथीदार आपापली वाद्ये घेऊन आहेत. हे चित्र टिकले ते त्यातल्याच एका साथीदारामुळे. विली कॉर्निश या ट्राँबोनवादकाने ते जपून ठेवले होते. १९३९ साली जॅझवरील एका पुस्तकात ते छापले गेले, आणि तेव्हापासून जाणकारांची त्याच्यावरील चर्चा थांबलेली नाही. चित्र एका बाजूने छापले तर काही वादक डावखुरे वाटतात, उलटून छापले तर दुसरेच काही डावखुरे वाटू लागतात. मग खरी बाजू कोणती? एका जुन्या, डागाळलेल्या चित्रावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. वादामुळे माणसे चित्राकडे पुन्हा पुन्हा पाहतात, कोणाच्या हातात कोणते वाद्य आहे ते तपासतात, आणि त्या ओघात सहाही जणांची नावे घेतली जातात. सर्वांच्या नावांचा उच्चार होत राहणे, हाच त्या चर्चेचा लाभ आहे.

ध्वनिमुद्रणाची सोय झाल्यावरही आवाज नेहमीच टिकला असे नाही. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादकांच्या युनियनने तबकड्यांसाठी वाजविणे बंद केले. तबकड्या आणि रेडिओ यांमुळे प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांचे काम जाते, तेव्हा विक्रीतला काही भाग वादकांच्या निधीला मिळावा, ही त्यांची मागणी होती. दोन मोठ्या कंपन्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये तडजोड केली. मी कामगार चळवळीतला मनुष्य आहे. ती मागणी मला न्याय्य वाटते. पण त्या संपाची एक किंमत पडली हेही सांगितले पाहिजे. नेमक्या त्याच वर्षांत न्यू यॉर्कमध्ये जॅझची एक नवी तऱ्हा जन्म घेत होती, आणि तिचे पहिले बोल फारसे कोठे नोंदले गेले नाहीत. अशा वेळी छायाचित्र आणि पाहणाऱ्यांनी सांगितलेली हकिकत, एवढाच आधार मागे राहतो.

आता ही चित्रे निघत कशी ते पाहू. जॅझच्या बैठकी रात्रीच्या, अंधाऱ्या आणि धुराने भरलेल्या खोल्यांत होत. त्या काळची फिल्म मंद. पुरेसा उजेड पाडावा तर एकदाच पेटणारा फ्लॅशचा बल्ब लावावा लागे, आणि दर खेपेस नवा बल्ब म्हणजे नवा खर्च. विल्यम गॉटलिब हे वॉशिंग्टनच्या एका दैनिकात जॅझवर सदर लिहीत. छायाचित्रकाराचे पैसे देणे दैनिकाला परवडेना, म्हणून त्यांनी स्वतःच कॅमेरा विकत घेतला व तो चालविण्यास शिकले. बल्ब आणि फिल्म पदरच्या पैशाची, म्हणून एका बैठकीत मोजकीच चित्रे काढावयाची. साहजिकच ते आधी ऐकत, वादकाची लकब ध्यानात घेत आणि योग्य क्षणाची वाट पाहत. बिली हॉलिडे या गायिकेचे त्यांनी काढलेले चित्र जगभर प्रसिद्ध आहे. मान किंचित मागे टाकलेली, मुख उघडे, सारा चेहरा सुराने ताणलेला. पुढे गॉटलिब यांचा संग्रह अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे गेला, आणि २०१० पासून तो कोणालाही विनामूल्य वापरण्यास मोकळा आहे. खाजगी ठेव सार्वजनिक कशी होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

दुसरे नाव हर्मन लेनर्ड यांचे. डेक्स्टर गॉर्डन या सॅक्सोफोनवादकाचे १९४८ सालचे त्यांचे चित्र आपण कोठे ना कोठे पाहिले असेल. वादक बसला आहे, सॅक्सोफोन जवळ आहे, हातात सिगारेट आहे, आणि मागून आलेल्या प्रकाशात तिचा धूर ढगासारखा उजळला आहे. बहुतेकांचे लक्ष त्या धुरावर खिळते. परंतु गॉर्डन त्या क्षणी वाजवीत नाही, ही गोष्ट नीट पाहिली पाहिजे. तो दोन वादनांमधला विसावा आहे. गिरणीत रात्रपाळीच्या सुट्टीत साच्याजवळ टेकलेला कामगार ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या बसण्याची ओळख चटकन पटेल. धूर शोभेचा आहे, थकवा खरा आहे.

या दोघांहून मला अधिक जवळचा वाटणारा छायाचित्रकार मात्र स्वतःच वादक होता. मिल्ट हिंटन हे डबल बास, म्हणजे माणसाच्या उंचीचे तंतुवाद्य, वाजवीत. १९३५ च्या सुमारास त्यांच्या हाती कॅमेरा आला, आणि पुढील आयुष्यात त्यांनी सुमारे ६०,००० चित्रे काढली. ते १९३६ पासून पंधरा वर्षे कॅब कॅलोवे यांच्या मोठ्या वाद्यवृंदात होते. त्यांच्या चित्रांत रंगमंच थोडा आणि बाकीचे आयुष्य फार आहे. आगगाडीच्या डब्यात बसल्या जागी झोपी गेलेले सोबती, कपडे बदलण्याच्या खोलीतल्या गप्पा, ध्वनिमुद्रणाच्या मधल्या वेळातले चेहरे त्यांत दिसतात. आणि दक्षिणेकडील गावांत, गोऱ्यांचे दार वेगळे व काळ्यांचे वेगळे असे सांगणाऱ्या पाट्यांखाली उभे असलेले त्यांचे साथीदारही दिसतात. आदल्या रात्री ज्यांच्या वादनावर गाव नाचले, त्यांना दुसऱ्या दिवशी पुढच्या दाराने आत जाता येत नव्हते. हे सांगण्यासाठी हिंटन यांना भाषण करावे लागले नाही. बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराला वादकाचा आविर्भाव दिसतो. बरोबरीने घाम गाळणाऱ्याला त्याचा सारा दिवस दिसतो. एवढा फरक या दोन प्रकारच्या चित्रांत आहे.

आता सर्वांत प्रसिद्ध चित्राकडे वळू. १२ ऑगस्ट १९५८ रोजी सकाळी न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात, १२६ व्या रस्त्यावरील एका साध्या घराच्या पायऱ्यांवर, ५७ वादक-गायक एकत्र जमले. आर्ट केन या तरुण कलादिग्दर्शकाने एका मासिकासाठी त्यांचे चित्र काढले आणि ते जानेवारी १९५९ च्या अंकात प्रसिद्ध झाले. रात्रभर जागणारी ही मंडळी सकाळी दहाला येतील की नाही याचीच शंका होती. ती आली, आणि एकमेकांना भेटून इतकी हरखली की कोणी नीट उभे राहावयास तयार होईना. काउंट बेसी हे मोठे वाद्यवृंदाचे मालक. ते सरळ पदपथाच्या कडेला गल्लीतल्या पोरांच्या रांगेत बसले. डिझी गिलेस्पी यांनी काही चेष्टा केली म्हणून रॉय एल्ड्रिज यांनी वळून पाहिले आणि चित्रात त्यांचे तोंड वळलेलेच राहिले. मेरी लू विल्यम्स, मेरियन मॅकपार्टलंड आणि मॅक्सिन सुलिव्हन या तीन स्त्रिया त्यात आहेत. विली स्मिथ नावाचे वयोवृद्ध पियानोवादक दमून शेजारच्या पायरीवर टेकले, नेमके त्याच वेळी चित्र घेतले गेले, आणि ते आले असूनही चित्राबाहेर राहिले.

ही सारी हकिकत आपल्याला कळते कशी? चित्र मुके असते, ते काही सांगत नाही. ती कळते, कारण लोकांनी विचारले आणि जे तेथे होते त्यांनी सांगितले. मिल्ट हिंटन त्या सकाळीही तेथे होते. त्यांनी स्वतः फोटो काढले आणि पत्नीकडून छोट्या चित्रफितीवर त्या गर्दीचे चित्रण करविले. जीन बाख या बाईंनी पुढे ती फीत मिळविली, हयात असलेल्या वादकांना गाठले, त्यांच्यापुढे चित्र ठेवून त्यांना बोलते केले, आणि १९९४ साली त्याचा माहितीपट तयार झाला. सत्तावन्नपैकी प्रत्येकाचे नाव आज छापून मिळते. २०२४ साली बेनी गोल्सन वारले, तेव्हा त्या सत्तावन्न जणांत सनी रोलिन्स तेवढे एकटे मागे उरले. हेच रोलिन्स १९७८ साली मुंबईस पहिल्या जॅझ यात्रेत वाजवून गेले होते. म्हणजे हार्लेमच्या त्या पायऱ्यांवरून निघालेला एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो.

मुंबईचा हा धागा आणखी जुना आहे. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा काळ्या वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्यास गेले व १९४५ साली तेथेच पटकीने वारले. या मंडळींचे वादन गोव्याच्या तरुणांनी ऐकले आणि उचलले. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना पाश्चात्य स्वरलिपी वाचावयास शिकवीत; त्या शिदोरीवर ते पोटासाठी मुंबईस येत आणि धोबीतलावच्या आसपास आपल्या गावाच्या कुडांत, म्हणजे सामाईक बिऱ्हाडांत, राहत. आपल्या जुन्नर-आंबेगावचा माणूस गिरणीत आणि डबे पोचविण्यास गेला, तोही असाच गाववाल्यांच्या खोलीत राहिला. दोघांची भाषा व अन्न वेगळे असेल, परंतु पिशवी घेऊन आगगाडीतून उतरण्याचे कारण एकच होते.

पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि हॉटेलांतील संगीत मंदावले. बरेच गोमंतकीय वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. संगीतकार चाल म्हणून दाखवी. ती कागदावर उतरवून, कोणत्या वाद्याने कोठे काय वाजवावे हे लिहून देण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशा जाणत्यांकडे असे. आपण जी हिंदी गाणी पाठ म्हणतो, त्यांतील ट्रंपेट, व्हायोलिन आणि सॅक्सोफोन बहुतांशी या मंडळींचे. परंतु पडद्यावर नाव येई ते संगीतकाराचे आणि गायकांचे. वाजविणारे शंभर असले तरी ते काचेआड राहिले.

याला एक गोड अपवाद आहे. १९५१ सालचा ‘अलबेला’ हा चित्रपट जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले भगवानदादा त्याचे नायक व दिग्दर्शक, आणि नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे सी. रामचंद्र त्याचे संगीतकार. त्यांचे साहाय्यक होते बार्देशातील हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ. लोक त्यांना चिक चॉकलेट म्हणत, आणि हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग असाही त्यांचा लौकिक होता. या चित्रपटात ते आणि त्यांचे साथीदार पडद्यावर प्रत्यक्ष दिसतात. १९६७ साली ते वारले. पण त्या काही क्षणांमुळे आवाजाला चेहरा मिळाला. उलट अँथनी गोन्साल्विस यांचे पाहा. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचे नाव गाण्यात घातले. ते नाव देशभर घरोघरी पोचले. परंतु ते एका खऱ्या व्हायोलिन शिक्षकाचे नाव आहे, हे गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते. एकाला चेहरा मिळाला, दुसऱ्याला नाव मिळाले. दोन्ही एकत्र आणण्यासाठी कोणी तरी बसून काम करावे लागते. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवर २०१२ साली जे पुस्तक लिहिले, त्यात जुनी छायाचित्रे आणि त्यांतील माणसांच्या कहाण्या शेजारीशेजारी मांडल्या आहेत. त्या पुस्तकाचे मोल मला यातच दिसते.

एवढे ऐकल्यावर आपल्या भागाकडे पाहू. शेजारच्या नारायणगावास तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे कारभारी यात्रेच्या सुपाऱ्या देण्यास येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव महाराष्ट्रभर झाले आणि त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. त्यांची छायाचित्रे आपण पाहतो. पण त्याच चित्रांत मागे ढोलकी, तुणतुणे, क्लॅरिनेट घेऊन उभी असलेली माणसे कोण? लग्नाच्या जुन्या फोटोत नवरदेवाच्या घोड्यापुढे बँडवाले आहेत. त्यांतल्या एकाचे तरी नाव मागे लिहिलेले आहे काय? भजनी मंडळाचा पखवाजी, बैलगाडीवर बसलेले ताशेवाले यांचे काय? कारखान्यात हजेरीपटावर नाव नसेल तर घाम गाळूनही पगार मिळत नाही. छायाचित्राखाली नाव नसेल तर वाजवूनही इतिहासात जागा मिळत नाही. हा अन्याय आपण आपल्या हाताने दूर करू शकतो.

त्यासाठी प्रत्येक जुन्या फोटोला चार प्रश्न विचारावे. यात कोण कोण आहे? हे कोठे व कोणत्या साली काढले? ही माणसे कोणाच्या बोलावण्यावरून आणि कोणाच्या पैशावर वाजवीत होती? आणि चौथा प्रश्न, जो आपण सहसा विचारीत नाही: त्या दिवशी हजर असूनही चित्राबाहेर कोण राहिले? हार्लेमचे विली स्मिथ या चौथ्या प्रश्नामुळेच आपल्याला सापडतात. उत्तरे घेण्यासाठी घरातल्या व वस्तीवरच्या वडीलधाऱ्यांना एकत्र बसवावे. एकाला आठवत नाही ते दुसऱ्याला आठवते; आणि दोघांचे जमले नाही तर दोन्ही नावे लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकावे, पण जागा कोरी सोडू नये.

लिहिण्याची रीतही साधी आहे. फोटो काचेवर पालथा ठेवून मागे कडेला मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे, ओळीवार नावे लिहावी. बॉलपेन वापरू नये; त्याचा दाब पुढे उमटतो आणि शाई पाझरते. डिंकाने वहीत चिकटवू नये. खिशातल्या फोनने फोटोची पुढची आणि मागचीही बाजू टिपून दोन-तीन घरी ठेवावी. ऑगस्ट २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला महापूर आला, त्यात हर्मन लेनर्ड यांच्या हजारो छापील प्रती नष्ट झाल्या. मूळ फिल्म संग्रहालयाच्या तिजोरीत ठेवली होती म्हणून वाचली. त्याच्या आधी महिनाभरच २६ जुलैला मुंबई बुडाली होती. ठेव एकाच जागी असू नये, हा धडा दोन्ही शहरांनी दिला आहे.

आज फोनमुळे फोटोंना तोटा नाही. तोटा आहे तो थांबून पाहण्याचा आणि विचारण्याचा. येत्या यात्रेत फड उभा राहील तेव्हा फोटो अवश्य काढा. मात्र खेळ संपल्यावर राहुटीशी जाऊन ढोलकीवाल्याला त्याचे पूर्ण नाव व गाव विचारा, आणि ते लिहून ठेवा. आणि घरच्या ट्रंकेत जे जुने फोटो असतील ते या व्याख्यानमालेच्या निमित्ताने बाहेर काढून वडीलमंडळींपुढे ठेवा. ज्यांना ती नावे ठाऊक आहेत ती माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.